वरळीची हवा मोजणारा डबा नक्की काय मोजतो?

बीडीडी चाळीतल्या 160 चौरस फुटांच्या खोलीत सकाळी कवडसा आला की त्यात धूळ तरंगताना दिसते. कण आधीही तिथेच असतात. त्यांच्यावर पडलेला उजेड विखुरून डोळ्यांपर्यंत येतो, म्हणून ते दिसतात. हवेचे स्वस्त मापक हेच तत्त्व वापरतात. छोटा पंखा हवा आत ओढतो, तिच्यातून लेसरचा किरण जातो, विखुरलेला प्रकाश सेन्सर टिपतो आणि त्यावरून पीएम 2.5 चा आकडा काढला जातो. म्हणजे धुळीचं वजन होत नाही, अंदाज बांधला जातो.

वरळीत हा अंदाज दोन कारणांनी चुकू शकतो. पहिलं कारण समुद्र. लाटा फुटल्या की मिठाचे बारीक कण हवेत उडतात. आर्द्रता साधारण 75 टक्क्यांपुढे गेली की ते पाणी शोषून फुगतात आणि जास्त प्रकाश विखुरतात. आकडा चढतो, पण वाढलेलं असतं ते पाणी!

दुसरं कारण बांधकाम, आणि इथे चूक उलट्या दिशेने होते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने 1920 च्या दशकात बांधलेल्या वरळीच्या 121 चाळींच्या जागी म्हाडा टप्प्याटप्प्याने टॉवर उभारत आहे. 14 ऑगस्ट 2025 ला पहिल्या 556 कुटुंबांना चाव्या मिळाल्या. तोडकामाची धूळ बरीचशी जाड असते. घनता सारखी असेल तर 10 मायक्रॉनचा एक कण 2.5 मायक्रॉनच्या 64 कणांइतका जड भरतो. पण असे कण संख्येने थोडे, आणि पंख्याच्या ओढीने सहज आत वळत नाहीत. म्हणून स्वस्त मापक पीएम 10 बरेचदा कमी दाखवतो. गॅलरीच्या कठड्यावर बोट फिरवलं तर धूळ लागते आणि मोबाइलवर रंग हिरवा, असं होऊ शकतं.

सरकारी केंद्रांत बहुधा वेगळी पद्धत असते: हवा गरम करून कोरडी करतात, कण फिल्टरच्या पट्टीवर साठवतात आणि बीटा किरण किती अडले यावरून वस्तुमान काढतात. पुण्याच्या आयआयटीएमच्या ‘सफर’ जाळ्यात वरळीचंही केंद्र आहे.

भारतात पीएम 10 ची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम, पीएम 2.5 ची 60. जागतिक आरोग्य संघटनेची अनुक्रमे 45 आणि 15. महापालिकेच्या ऑक्टोबर 2023 च्या नियमांत बांधकामाभोवती पत्रे, पाण्याची फवारणी आणि जागेवर सेन्सर सांगितले आहेत. तक्रार करताना एका क्षणाचा स्क्रीनशॉट फारसा उपयोगाचा नाही. पीएम 10 ची 24 तासांची सरासरी आणि त्या वेळची आर्द्रता सोबत जोडावी.