हिऱ्यांचे जुने पैलू आणि जुन्या अंगठ्या

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोल ब्रिलियंट घाटाची गणिती प्रमाणे रूढ झाली. त्यापूर्वी हिऱ्यांना मुख्यतः हाताने व नजरेच्या अंदाजाने जे पैलू पाडीत, त्यांना जुने पैलू म्हणतात. जुन्या अंगठीतील हिऱ्याचा काळ ठरविण्याचे ते एक महत्त्वाचे साधन आहे. मात्र हिरा त्याच्या कोंदणाहून जुना असू शकतो. म्हणून दोहोंची परीक्षा स्वतंत्रपणे करावी लागते.

ऐतिहासिक विकास : हिऱ्याचे स्फटिक पुष्कळदा अष्टफलकी असतात. चौदाव्या शतकात यूरोपात या नैसर्गिक फलकांनाच झिलई देऊन टोकदार हिरे अंगठीत बसवीत. पंधराव्या शतकात वरचे टोक घासून सपाट माथा करण्याची पद्धत (टेबल घाट) प्रचारात आली. सोळाव्या शतकापासून गुलाब घाट लोकप्रिय झाला. यात तळ सपाट असून वरच्या घुमटावर त्रिकोणी पैलू असतात. ब्राझीलमधील हिरे १७२० नंतरच्या दशकात उपलब्ध होईपर्यंत भारत हाच हिऱ्यांचा प्रमुख पुरवठादार होता. भारतीय कारागीर वजन राखण्यास प्राधान्य देत आणि दोष झाकण्यापुरतेच लहान पैलू पाडीत, असे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याने सतराव्या शतकात नोंदविले आहे.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उशीसारख्या चौकोनी आकाराचा ‘जुना खाण घाट’ रूढ होता. दक्षिण आफ्रिकेत १८६७ मध्ये हिरा सापडल्यावर कच्चा माल विपुल झाला. यंत्रांमुळे हिरा गोल करणेही सुलभ झाले व ‘जुना यूरोपीय घाट’ प्रचारात आला. या दोन्ही घाटांत माथा लहान, वरचा भाग उंच व तळाचे टोक छाटलेले असते. त्यामुळे वरून पाहता मध्यभागी लहानसे वर्तुळ दिसते. मोठ्या पैलूंमुळे मेणबत्तीच्या मंद उजेडात हिऱ्यातून ठळक रंगीत झळा निघतात. मार्सेल टॉलकॉव्हस्की यांनी १९१९ मध्ये प्रकाशाच्या परावर्तनावर आधारित प्रमाणे मांडली आणि त्यानंतर जुने घाट मागे पडले.

पुन्हा पैलू पाडणे : नव्या प्रमाणांच्या तुलनेत जुने हिरे ‘सदोष’ समजून त्यांना पुन्हा पैलू पाडण्याची प्रथा पडली. कोहिनूर १८५२ मध्ये लंडनमध्ये पुन्हा घडविला गेला, तेव्हा त्याचे वजन सु. १९१ कॅरटवरून सु. १०५·६ कॅरटवर आले. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी परंपरेने निगडित असलेला ‘नासक’ (नाशिकचा) हिरा १८१८ मध्ये मराठी सत्तेच्या पाडावानंतर इंग्रजांच्या हाती गेला. इंग्लंडमध्ये त्याला नवे पैलू पाडताना मूळ आकार बराचसा राखला होता. न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी १९४० मध्ये त्याला आयताकृती घाट दिला, तेव्हा सु. ८० कॅरटचा हा हिरा ४३·३८ कॅरटचा झाला. अशा फेरघडणीने चमक वाढते हे खरे. पण मूळ कारागिराच्या हाताची खूण कायमची नष्ट होते. वजनाप्रमाणे ती खूणही परत मिळविता येत नाही.

निगा : हिरा सर्वांत कठीण खनिज असला, तरी विशिष्ट प्रतलांवर आघात झाल्यास तो दुभंगतो. जुन्या हिऱ्यांची कड पुष्कळदा पातळ असल्याने तिचे टवके उडण्याचा संभव असतो. मागून बंद असलेल्या कोंदणात चकाकीसाठी हिऱ्याखाली धातूचा पातळ पत्रा (डांक) घालीत. आत पाणी शिरल्यास तो काळवंडतो. म्हणून अशी अंगठी पाण्यात बुडवू नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावी. मागून उघडे कोंदण कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ ब्रश यांनी स्वच्छ करता येते. हिऱ्यावर तेलकटपणा चटकन बसत असल्याने ही सफाई अधूनमधून आवश्यक असते. श्राव्यातीत कंपनांच्या यंत्राने झिजलेल्या पकडी सैल होण्याचा धोका असतो. डाग देताना तीव्र ज्योत लागल्यास हिऱ्याचा पृष्ठभाग पांढुरका होतो. हिरा इतर रत्नांवर ओरखडे पाडतो, म्हणून प्रत्येक दागिना वेगळा गुंडाळून ठेवावा. झिजलेल्या पकडी वेळीच दुरुस्त कराव्यात, परंतु पैलूंना शक्यतो हात लावू नये.