गाडीचा तोल



दोन महिन्यांपूर्वीं माझा धाकटा पुतण्या आपली जुनी मारुती ८०० घेऊन परभणीस आला आणि जेवतांना मला म्हणाला, "काका, वळणावर गाडी फार कलते. पुढचा दांडा काढून जाड दांडा बसवावा म्हणतों." कोणता दांडा, तें मला प्रथम उमजलेंच नाहीं. जन्मभर प्राथमिक शाळेंत मुलांस इतिहास-भूगोल शिकविला; मोटारीच्या पोटांत काय असतें हें पाहण्याचा योग क्वचितच आला. परंतु गाडी कलण्याचा विषय निघाला म्हणजे मला स्वस्थ बसवत नाहीं. त्याचें कारण पुढें सांगेन. त्या दिवसापासून मीं जें वाचलें, गॅरेजांत जाऊन पाहिलें आणि जुन्या आठवणींशीं ताडून घेतलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आपल्या जिल्ह्याचें मूळ वाहन बैलगाडी. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठची ही काळी भुई पावसाळ्यांत लोण्यासारखी मऊ होते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा पडून पडते. अशा भुईवर चालणाऱ्या गाडीस आमच्या सुतारांनीं उंच चाकें दिलीं, लांकडी आरे दिले, वर लोखंडी धांव चढविली आणि साटी आखावर घट्ट बसविली. कमान नाहीं, पाटा नाहीं. चाक जेवढें खालीं जाईल तेवढी गाडी खालीं जाई, आणि बाकीचें बसणाऱ्याच्या मणक्यांनीं सोसावें. मात्र या गाडीच्या अंगीं एक गुण होता. तिची साटी चाकांवर डोलत नसे. उलटली तर सगळीच्या सगळी उलटे. पण तोंवर तिचा कल गाडीवानास बसल्या जागीं अचूक कळे. कडब्याची गाडी भरतांना जाणता माणूस चार पावलें मागें सरून भाराची उंची पाही आणि "आतां बास" म्हणे. गुरुत्वमध्य हें नांव त्यास ठाऊक नव्हतें. वस्तु ठाऊक होती.

कमान आली ती परदेशांतून. इ. स. १८०४ मध्यें ओबाडिया इलियट नांवाच्या इंग्रज कारागिरानें, पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या लंबवर्तुळाकार कमानींवर गाडी टांगण्याचें पेटंट घेतलें. त्याच कुळांतील पाटे पुढें आपल्या टांग्यांखालीं आले. स्टेशनाबाहेर टांगे उभे असत तो काळ मीं पाहिला आहे. टांग्यांत हाडें खिळखिळीं होत नसत. पण एखादे स्थूल गृहस्थ एका अंगास बसले कीं टांगा तिकडे झुके, आणि टांगेवाला "जरा मधीं सरका, मालक" अशी विनवणी करी. सुख आलें, त्याबरोबर डोलणेंही आलें. चाक खड्ड्यांत जावें पण अंग जाऊं नये, आणि अंग सैल सोडलें तरी वळणावर तें बाहेरच्या बाजूस झुकूं नये, या दोन परस्परविरोधी मागण्या त्या दिवसापासून गाडी करणाऱ्याच्या मानगुटीस बसल्या, त्या आजतागायत उतरलेल्या नाहींत.

परभणी तेव्हां हैदराबाद संस्थानांत होती. निजामाच्या रेल्वेनें जून १९३२ मध्यें बसवाहतुकीचें एक खातें काढलें. आरंभीं त्याच्याजवळ २७ गाड्या आणि १६६ नोकर होते. स्कॉटलंडांतील आल्बियन कारखान्याच्या बसगाड्या या खात्यानें वापरल्या. मुंबई इलाख्याची एस. टी. याहून पुष्कळ मागाहून, म्हणजे १ जून १९४८ रोजीं, पुणें-नगर मार्गावर सुरू झाली, हें पुण्याकडील मंडळींस सांगावयास मला नेहमींच आनंद वाटतो. त्या काळच्या गाड्यांचे पाटे जाड आणि कडक असत. पाटे कडक असले कीं गाडी आपोआपच कमी कलते; म्हणून निराळा दांडा बसविण्याची गरज फारशी कोणास भासली नाहीं. प्रवाशाची पाठ दुखे, तिची दाद घेतो कोण?

असा दांडा सुचला नव्हता असें मात्र नव्हे. कॅनडा देशांतील फ्रेडरिक्टन गांवच्या स्टीफन कोलमन यास २२ एप्रिल १९१९ रोजीं त्याचें पेटंट मिळालें होतें. परंतु त्याचे दिवस खरे उजाडले ते पुढें. अमेरिकेंत मॉरिस ऑली नांवाचा एक इंग्रज यंत्रज्ञ रोल्स-रॉइस सोडून १९३० मध्यें कॅडिलॅक कारखान्यांत आला. पुढच्या कमानी मऊ केल्याशिवाय प्रवाशास खरें सुख लाभणार नाहीं, हें त्यानें प्रयोगानें दाखविलें, आणि १९३४ च्या मोटारींत पुढचें प्रत्येक चाक स्वतंत्रपणें वरखालीं होऊं लागलें. कमानी मऊ झाल्या, तसा अंगाचा झोलही वाढला. तो आवरण्यास दांडा हवासा झाला. १९५० नंतर तो साध्या मोटारींतही सर्रास दिसूं लागला.

गॅरेजांत यास स्टॅबिलायझर म्हणतात. बाजेची एक आडवी बाजू आणि तिच्या दोन टोकांस वळविलेले दोन आखूड हात, असा त्या पोलादी सळईचा आकार. मधला भाग रबरी बुशांत धरून गाडीच्या सांगाड्यास बांधलेला. हातांचीं टोकें डाव्या-उजव्या चाकांच्या जोडणीस अडकविलेलीं. दोन्ही चाकें एकदम वर गेलीं तर सळई बुशांत नुसती फिरते. एकच चाक वर गेलें, किंवा वळणावर अंग एकीकडे बसूं लागलें, कीं ती ओल्या धोतरासारखी पिळली जाते. तो पीळ उलगडूं पाहतो आणि झुकणाऱ्या बाजूस वर रेटून दुसरीस खालीं ओढतो. एवढेंच तिचें काम. पण तिच्या जाडीचा हिशेब विलक्षण आहे. पिळास होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणें वाढतो. म्हणजे २० मिलिमीटरची सळई काढून २४ ची घातली तर जाडी एक पंचमांशानेंच वाढते, विरोध मात्र दुपटीहून अधिक होतो. पुढची सळई अशी कडक केली तर जोराच्या वळणावर पुढच्या चाकांची पकड आधीं सुटते आणि गाडी वळण सोडून सरळ जाऊं पाहते. मागची फार कडक केली तर मागचें अंग बाहेर फेंकलें जातें. शिवाय एका चाकाचा खड्डा दुसऱ्या चाकासही जाणवूं लागतो. आपल्याकडे काळ्या मातीवरचे रस्ते एका अंगानें खचतात, कडा तुटतात. तेथें ही शिक्षा रोजचीच.

आतां तें कारण. १९८९ सालीं मी जिंतूरच्या बाजूस एका खेड्यांत नोकरीस होतों. बाजाराच्या दिवशीं तेथें जीप भाड्यानें चाले. जीप हें मूळचें लष्करी वाहन. मूळ जीपच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर सुमारें चारच फूट, आणि अंग जमिनीपासून उंच. त्या दिवशीं आंत माणसें कोंबलेलीं, मागें पायरीवर चौघे लोंबकळलेले आणि टपावर ज्वारीचीं पोतीं. समोरून आलेल्या बैलगाडीस वाट देण्याकरितां चालकानें जीप साईडपट्टीवर उतरविली आणि लागलीच वर घेतली. वरचें ओझें एकीकडून दुसरीकडे फेंकलें गेलें आणि जीप आडवी झाली. कोणी दगावलें नाहीं. पण माझ्या चौथीच्या वर्गांतील एक मुलगा आंत होता. त्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. पुढें तो डाव्या हातानें लिहावयास शिकला, अक्षर सुरेख काढी. चालकास साऱ्या गांवानें शिव्या दिल्या, मींही दिल्या. टपावरील पोत्यांपैकीं एक पोतें माझें होतें. घरीं पाठविण्याकरितां सकाळीं मींच तें वर चढविलें होतें, आणि हें मीं तेव्हां कोणास सांगितलें नाहीं.

कोणत्याही दांड्यानें ती जीप वांचली नसती. दांडा अंगाचा झोल आवरतो. टपावर चढविलेला भार तो खालीं आणूं शकत नाहीं. नामांकित कारखानेही येथें फसले आहेत. ऑक्टोबर १९९७ मध्यें मर्सिडीजची नवी लहान ए-क्लास मोटार स्वीडनमधील एका नियतकालिकाच्या चांचणींत, अडथळा चुकविण्यास झटक्यानें वळवितांना उलटली, तेव्हां कंपनीस तिच्या कमानींची रचना बदलावी लागली आणि तोल सांवरणारी विद्युत् योजना सर्व गाड्यांत बसवावी लागली.

पुतण्यास हें सारें सांगून मी त्यास एका वृद्ध मिस्त्रींकडे घेऊन गेलों. त्यांनीं गाडीखालीं शिरून दिवा धरला आणि म्हणाले, "दांड्याला कशाला बोल लावता? अगोदर बुश बघा." रबर वाळून चिरलें होतें, आणि सळई त्यांत हिसके खात होती. मारुती ८०० मध्यें हीच सळई पुढच्या चाकांस मागेंपुढें सरकण्यापासूनही धरून ठेवते. म्हणजे ती बदलणें हें नुसतें कल कमी करणें नव्हे, चाकाचा आधारच बदलणें होय, हेंही त्यांनीं दाखविलें. मोटार वाहन कायदा, १९८८ याचें ५२ वें कलम मूळ रचनेंतील फेरफारांवर बंधन घालतें, हें मीं सांगितलें. त्याचा परिणाम बुशांपेक्षां कमीच झाला. नवे बुश बसविले, टायरांतील हवा सारखी केली.

दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे पाथरीच्या रस्त्यानें मानवतपर्यंत गेलों. गाडी अजूनही थोडी कलते. खडखड मात्र थांबली आहे. एका वळणावर त्यानें आपण होऊन वेग कमी केला आणि विचारलें, "काका, तुम्हांला भीति वाटते का?" तेव्हां मीं त्यास त्या पोत्याची हकीकत सांगितली. घरांतील माणसास ती मीं प्रथमच सांगत होतों. मानवत येईपर्यंत तो कांहीं बोलला नाहीं.