मृतांस वाहिलेलीं फुलें

धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवप्रसंगीं, जे आपल्या आधीं ह्याच देवळांत गुडघे टेकून गेले, त्यांचें स्मरण होणें साहजिक आहे. त्यांच्या कबरींवर आपण फुलें वाहतों. ही चाल ख्रिस्तसभेंत कशी रुजली, तें वाचकांपुढें थोडक्यांत ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्राचीन रोमी लोक मृताच्या मस्तकीं फुलांचा मुकुट घालीत व ठराविक दिवशीं थडग्यांवर गुलाब वाहत. त्या चालीस मूर्तिपूजेचा वास असल्यामुळें आरंभींच्या ख्रिस्ती लोकांनीं ती टाकिली. मिनुसियुस फेलिक्स ह्याच्या संवादग्रंथांत विधर्मी वादी त्यांस ह्याचाच दोष देतो. ख्रिस्ती वादी उत्तर करितो कीं, मृत सुखी असेल तर त्यास फुलांची गरज नाहीं, दुःखी असेल तर त्यांचा उपयोग नाहीं. न कोमेजणारा मुकुट देवच देईल. तेर्तुल्लियन यानें तर २११ च्या सुमारास मुकुटांविरुद्ध स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

३१३ सालीं धर्मास मोकळीक मिळाली, हळूहळू जुनें भय ओसरलें, आणि फूल परत आलें. स्पेनचा कवि प्रुदेन्तियुस अंत्यविधीच्या गीतांत कबरीवरील फुलापानांचा उल्लेख आदरानें करितो. संत ऑगस्टीन सांगतात कीं, संत स्तेफनचे अवशेष नेणाऱ्या बिशपांस एका आंधळ्या स्त्रीनें फुलें दिलीं. तीं परत घेऊन डोळ्यांस लावतांच तिला दृष्टि आली. मात्र त्याच काळांत संत जेरोम यांनीं पम्माखियुस ह्या विधुर सरदाराची स्तुति केली ती निराळ्या कारणासाठीं: इतर पति कबरीवर फुलें उधळतात, ह्यानें पत्नीच्या नांवें दानधर्म केला.

१६१४ च्या रोमी विधिग्रंथानें ह्या दोहोंचा मेळ घातला. बाप्तिस्मा झालेलें अर्भक वारल्यास त्याच्या मस्तकीं फुलांचा किंवा सुगंधी वनस्पतींचा मुकुट ठेवावा, अशी त्यांत आज्ञा होती; कारण तें निष्पाप बाळ थेट स्वर्गीं गेलें. प्रौढांच्या मृतमिस्सेंत मात्र वेदीवर फुलें नसत. तेथें आधीं क्षमेची याचना. १९६९ च्या नव्या विधींत मुकुटाची ती आज्ञा राहिली नाहीं, तरी तिच्यांतील बोध जुना झालेला नाहीं. फूल हें पुनरुत्थानाच्या आशेचें चिन्ह आहे. तें प्रार्थनेच्या जागीं बसूं शकत नाहीं.

म्हणून आमचें सांगणें एवढेंच. फुलें शक्यतों आपल्याच वाडीचीं असावींत. मोगऱ्याच्या कळ्या पहांटे खुडून ओल्या फडक्यांत, सावलींत ठेवाव्यात. लांब देठाचीं फुलें तिरपा छेद देऊन पाण्यांत उभीं करावींत. शवपेटीवर तीं अशीं मांडावींत कीं, क्रूस झांकला जाऊं नये. उपवासकाळांत वेदी फुलांनीं सजवीत नाहींत, हेंही ध्यानांत असावें. प्लॅस्टिकचीं फुलें कोमेजत नाहींत खरीं, पण जें कधीं जगलेंच नाहीं, तें मरणाविषयीं व पुनरुत्थानाविषयीं काय सांगणार? आणि शेजाऱ्याच्या पुष्पचक्राहून आपलें मोठें दिसावें म्हणून गरीब घरानें ऋण काढावें, हें तर मृताचें प्रेम नव्हे, जिवंतांचा अभिमान होय.

एक हार कमी घ्यावा. त्याचे पैसे मृताच्या नांवें एखाद्या विधवेच्या चुलीस द्यावे. २ नोव्हेंबर रोजीं आपण दफनभूमींत जमूं, तेव्हां हातीं थोडीं फुलें आणि ओठीं पुष्कळ प्रार्थना असो.