पेडल मऊ का लागते?

१९२१ साली ड्यूसेनबर्ग या अमेरिकी कंपनीची ‘मॉडेल ए’ मोटार बाजारात आली, ती चारही चाकांवर हायड्रॉलिक, म्हणजे पायाचा जोर नळ्यांतील द्रवातून चाकांपर्यंत पोचवणारे, ब्रेक घेऊन. मूळ कल्पना माल्कम लॉकहीड यांची. १९२४ मध्ये क्रायस्लरने हे ब्रेक तुलनेने स्वस्त गाडीत आणले. फोर्ड मात्र १९३९ पर्यंत तारा-दांड्यांच्या ब्रेकवरच विसंबून राहिली.

नव्या ब्रेकबरोबर नवे दुखणेही आले. द्रव जवळजवळ दबत नाही, हवा सहज दबते. नळीत बुडबुडा राहिला की पायाचा जोर त्यालाच दाबण्यात खर्ची पडतो आणि पेडल मऊ लागते.

म्हणून गॅरेजमध्ये दोघांचे काम रूढ झाले: एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने चाकाजवळचा ब्लीडर स्क्रू क्षणभर सैल करून हवा सोडायची.

तरीही पेडल मऊच राहिले, तर जुने मेकॅनिक आधी ड्रम ब्रेक पाहत. ड्रमला आतून घासणारे लायनर ड्रमपासून लांब असले की पेडल खोल जाते. ते जवळ आणावे लागतात. डिस्क ब्रेकमध्ये चकतीला पकडणाऱ्या डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली, तर ब्लीडर खाली येतो आणि हवा वरच अडकते. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खचत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर संशय पेडलच्या जोराने द्रव नळ्यांत ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या रबरी सीलवर. असे पेडल घट्ट होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.