तीनदा उकळलेली भाजी

भाजी उकळायची, पाणी ओतून टाकायचं. पुन्हा उकळायची, पुन्हा ओतायचं. तिसऱ्यांदाही तसंच. मग उरलेला चोथा रोग्याच्या ताटात. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. फ्रेडरिक अ‍ॅलन यांची मधुमेहावरची ही रीत होती. लघवीतली साखर जाईपर्यंत कडक उपास, मग मोजून चार घास, साखर दिसली की परत उपास. आमच्याकडे दशलक्षणात उपास करणाऱ्या बाईला पारण्याचा दिवस ठाऊक असतो. या मुलांना पारणंच नव्हतं.

डॉक्टर दुष्ट होते असं मात्र कुणी समजू नये. इन्सुलिन सापडलं नव्हतं. मधुमेह झालेलं लहान मूल वर्ष-दोन वर्षांत जायचंच, उपाशी ठेवलं तर थोडं जास्त जगायचं. आईबापांच्या हाती एवढंच होतं.

अ‍ॅलन यांच्याकडे बारा वर्षांचा एक आंधळा मुलगा होता. इतकं तोलून खायला देऊनही त्याच्या लघवीत साखर यायची. शेवटी उलगडा झाला, की पोरगा दात घासायची पेस्ट खात होता, आणि मुद्दाम मागून घेतलेल्या कॅनरी पक्ष्याच्या पिंजऱ्यातले दाणेसुद्धा. पुढे तो उपासमारीनंच गेला. भुकेला चोरी ठरवणारं हे पथ्य!

एलिझाबेथ ह्यूजची गोष्ट त्यामानानं सुखाची. अमेरिकेचे बडे राजकारणी चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची ही लेक. अकराव्या वर्षी मधुमेह झाला आणि ती अ‍ॅलन यांच्या हाताखाली आली. ऑगस्ट १९२२ मध्ये आई तिला टोरांटोला डॉ. बँटिंग यांच्याकडे घेऊन गेली तेव्हा पंधराव्या वर्षाला टेकलेल्या पोरीचं वजन होतं जेमतेम २० किलो. त्याच वर्षी जानेवारीत लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचून गुण आला होता. एलिझाबेथला इन्सुलिन मिळालं, पाव मिळाला, बटाटा मिळाला, आणि काही महिन्यांत वजन दुपटीच्या वर गेलं. पुढे संसार केला, १९८१ पर्यंत जगली. पण मधुमेहाबद्दल जवळजवळ कुणाला कळू दिलं नाही. वडिलांच्या कागदपत्रांतले उल्लेखसुद्धा काढून टाकले. ही लाज कुठून आली असेल?

इन्सुलिन आलं, पण स्वयंपाकघरातला तराजू काही गेला नाही. तो मुलींच्या मनात जाऊन बसला. खाण्याच्या विकारांची नोंद वैद्यकात वेगळीच चालली होती: १८७३ मध्ये लंडनच्या विल्यम गल यांनी ‘अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव दिलं, १९७९ मध्ये जेराल्ड रसेल यांनी ‘बुलिमिया नर्व्होसा’. १९८० च्या दशकात मधुमेहतज्ज्ञांच्या लेखांतून दोन्ही धागे एकत्र दिसू लागले. काही मुली वजन वाढेल या धास्तीनं इन्सुलिनच टाळत होत्या. त्याची किंमत डोळ्यांनी, मूत्रपिंडांनी, कधी जिवानं मोजावी लागते. घरात मात्र कौतुक, ‘आमची पोर किती पथ्य पाळते!’ दुखणं पथ्याच्या पदराआड लपलं की आईलाही दिसत नाही.

बरं, यातून बाहेर यायचं कसं? खाण्याच्या विकारावर उपचार करणारा सांगतो, मोजणं सोड. मधुमेहाचा डॉक्टर सांगतो, प्रत्येक घास मोज. बिचाऱ्या मुलीनं ऐकायचं कुणाचं? थोडी वाट जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या डॉक्टरांनी मोकळी केली. इन्सुलिनप्रमाणे माणसाला जेवायला लावण्याऐवजी जेवणाप्रमाणे इन्सुलिन घ्यायला शिकवायचं. ब्रिटनमध्ये ही पद्धत पारखून २००२ मध्ये निष्कर्ष छापले गेले, त्यात साखरही सुधारली होती आणि खाण्याची मोकळीकही वाढली होती. मोजणं यातही आहेच, पण निषिद्ध असं काही राहिलं नाही.

विकार जडलेल्या मुलीला एवढं पुरत नाही. तिच्यासाठी दोन्ही डॉक्टरांनी एकत्र बसावं लागतं. सुरुवातीला इन्सुलिनची जबाबदारी काही दिवस घरचं कुणी वाटून घेतं. साखर झटपट खाली आणली तर डोळ्यांना अपाय होऊ शकतो, म्हणून तीही बेतानं. आकडा चुकला तरी तिला ओरडायचं नाही, आणि ताटाभोवती पहारा द्यायचा नाही. जेवायला मात्र सोबत बसायचं, रोज.