जहाजाचा सौदा आणि समुद्राचे न्यायालय

अहमदनगरची, म्हणजे आजच्या अहिल्यानगरची, निजामशाही ही समुद्र न दिसणाऱ्या राजधानीची सल्तनत होती. पण तिचे एक दार समुद्रावर उघडत असे. ते दार म्हणजे चौल. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या संमतीने पोर्तुगीजांनी चौलजवळ किल्ला उभारण्यास आरंभ केला. पुढे १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने त्याच पोर्तुगीजांना वेढा घातला आणि तो निष्फळ ठरला. बंदराच्या जमिनीवर सुलतानाचा हुकूम चाले. गलबत खाडीबाहेर पडले, की पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना त्याच्याजवळ आहे की नाही, यावर त्याचे भवितव्य ठरे. एकच गलबत, पण किनाऱ्यापाशी त्याच्यावरचा अधिकार पालटत असे.

जमिनीची सत्ता आणि पाण्याची सत्ता यांच्यामधली ही रेषा कायद्याच्या इतिहासातही आहे. तिचे सर्वांत चमत्कारिक रूप एका साध्या प्रश्नात दिसते: जहाजाच्या खरेदी-विक्रीचा तंटा समुद्राच्या न्यायालयाने, म्हणजे अ‍ॅडमिरल्टी न्यायालयाने, ऐकावा काय? सामान्य वाचक म्हणेल, यात विचारण्यासारखे काय आहे? जहाज समुद्राचे, तेव्हा तंटाही समुद्राचाच. कायदा मात्र शतकानुशतके याच्या नेमके उलट म्हणत आला. जहाज समुद्रावर चालते हे खरे. पण त्याचा सौदा होतो पेढीवर, मेजावर, कागदावर. तो जमिनीवरचा व्यवहार होय.

या भूमिकेचे मूळ चौदाव्या शतकातील इंग्लंडमध्ये आहे. दुसऱ्या रिचर्डच्या काळात १३८९ आणि १३९१ मध्ये झालेल्या दोन कायद्यांनी अ‍ॅडमिरलचा अधिकार समुद्रावर घडलेल्या गोष्टींपुरता सीमित केला. सतराव्या शतकात एडवर्ड कोकसारख्या न्यायाधीशांनी मनाईहुकूम काढून सागरी न्यायालयाला आणखी मागे रेटले. यात साहित्याच्या अभ्यासकांना रस वाटावा असा एक भाग आहे. परदेशात झालेला करारही आपल्या कक्षेत ओढावा म्हणून जमिनीवरची न्यायालये एका कल्पितकथेचा आधार घेत. तो करार लंडनच्या चीपसाइड भागात झाला, असे दाव्यात लिहिले जाई आणि ते विधान खोडून काढण्याची मुभा प्रतिवादीला नसे. सारा समुद्र अशा रीतीने लंडनच्या एका पेठेत मावला!

समुद्राच्या न्यायालयाजवळही एक कल्पितकथा होती आणि ती अधिक समर्थ होती. तिच्यानुसार जहाज हेच प्रतिवादी असते. मालक कोण, तो कोणत्या देशात दडला आहे, याचा शोध न घेता जहाजावर दावा लावता येतो आणि त्याला अटक करता येते. तारण मिळाले नाही तर न्यायालय ते जहाज विकते. या व्यवस्थेमागची निकड उघड आहे. शेत पळून जात नाही, वाडा पळून जात नाही. जहाज एका भरतीत नाहीसे होते. जमिनीवरच्या न्यायालयाचा हुकूमनामा हाती येईतो धक्का रिकामा झालेला असतो. म्हणूनच ‘सौदा कोणत्या न्यायालयाचा?’ हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. पैसे मोजूनही ज्याला जहाज मिळाले नाही, त्याच्या हाती काही लागणार की नाही, हे त्यावर ठरते.

आपल्याकडे हा वारसा मुंबईच्या वाटेने आला. १६८३ च्या सनदेने ईस्ट इंडिया कंपनीला सागरी व व्यापारी तंट्यांसाठी न्यायालये स्थापण्याची मुभा मिळाली. रोमन परंपरेच्या दिवाणी कायद्याचा एक जाणकार आणि दोन व्यापारी अशी त्यांची रचना होती. मुंबईत १६८४ मध्ये डॉ. सेंट जॉन न्यायाधीश म्हणून आले. पुढे हा अधिकार मुंबईच्या सर्वोच्च न्यायालयाकडे आणि १८६२ पासून उच्च न्यायालयाकडे गेला. इंग्लंडच्या १८४० च्या कायद्याने सागरी न्यायालयाला मालकीचा प्रश्न ठरवण्याची मुभा दिली, पण ताबा, वेतन, नुकसान अशा अन्य दाव्यांच्या ओघात. १८६१ च्या कायद्याने सहमालकांमधील तंटे त्यात घातले. १८९० व १८९१ च्या कायद्यांनी हीच चौकट मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील उच्च न्यायालयांसाठी पक्की केली.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. ‘हे जहाज माझे आहे’ असे म्हणणे हा मालकीचा तंटा. ‘जहाज देतो म्हणालास आणि दिले नाहीस, तेव्हा भरपाई दे’ हा कराराचा तंटा. पहिल्यासाठी सागरी न्यायालयाचे दार किलकिले झाले होते. दुसरा अद्याप जमिनीवरच उभा होता. अमेरिकेतील न्यायालयांनीही जहाजाच्या विक्रीचा करार सागरी मानण्यास दीर्घकाळ नकार दिला.

भारतात ही चौकट सैल झाली ती एका पळालेल्या जहाजामुळे. १९८४ मध्ये ‘एम. व्ही. एलिझाबेथ’ हे जहाज गोव्याच्या मुरगाव बंदरातून माल घेऊन निघाले, तेही माल पाठवणाऱ्याला आवश्यक कागदपत्रे न देताच. किंमत न मिळाल्यामुळे माल सोपवू नये, असे त्याने कळवले असतानाही तो परदेशी सोपवला गेला. जहाज पुन्हा भारतात, विशाखापट्टणमला आले, तेव्हा त्याला अटक झाली. जुन्या इंग्रजी कायद्यात बाहेर जाणाऱ्या मालाचा असा दावा बसत नाही, हा जहाजाच्या बाजूचा युक्तिवाद होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. स्वतंत्र देशाच्या उच्च न्यायालयांचा अधिकार एकोणिसाव्या शतकात गोठून राहिलेला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. २००३ मध्ये ‘सी सक्सेस’ या मुंबईच्या प्रकरणात याच न्यायालयाने जहाज-अटकेविषयीच्या १९९९ च्या आंतरराष्ट्रीय कराराची तत्त्वेही ग्राह्य मानली. त्या करारात जहाज-विक्रीच्या तंट्याचा स्पष्ट उल्लेख आहे.

उरलेले काम संसदेने केले. १ एप्रिल २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या अ‍ॅडमिरल्टी कायद्याने जुने वसाहतकालीन कायदे रद्द केले आणि सागरी दाव्यांच्या यादीत ‘जहाजाच्या विक्रीच्या करारातून उद्भवलेला तंटा’ हा विषय नि:संदिग्धपणे घातला. करार कोठे झाला, याऐवजी तो कशाविषयी झाला, हा प्रश्न मध्यवर्ती ठरला.

तरी जमिनीची रेषा अगदीच पुसली गेलेली नाही. बांधणीत असलेले, अद्याप पाण्यात न उतरलेले जहाज सामान्यतः या कायद्याखाली येत नाही. जलप्रवास अशक्य व्हावा इतके तोडलेले जहाज, सर्वेक्षकाने तसे प्रमाणित केल्यावर, जहाजच राहत नाही. साधारणपणे दावा उद्भवला तेव्हाचा जबाबदार मालक अटकेच्या वेळीही मालक असावा लागतो. मधल्या काळात जहाज तिसऱ्याला विकले गेले, तर खरेदीदाराचा हात पुन्हा रिता. सरकारी युद्धनौकाही कायद्याच्या बाहेर आहेत. या कायद्यापूर्वीचे ‘विक्रांत’चे उदाहरण मुंबईकरांना आठवत असेल. १९९७ मध्ये निवृत्त झालेल्या त्या विमानवाहू नौकेच्या विक्रीला आव्हान दिले गेले ते जनहित याचिकेच्या रूपाने. ती याचिका मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१४ मध्ये फेटाळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस दारूखान्यात नौका तोडण्यास प्रारंभ झाला. तो वाद कराराचा नव्हता, स्मृतीचा होता. आणि स्मृती हा कोणत्याही यादीतला सागरी दावा नव्हे.

आम्ही भाषेचे अध्यापक या इतिहासातून एवढेच घेतो: कायदाही अखेर वाचनच करीत असतो. एकाच कागदाकडे पाहून कोणी त्यावरचे ठिकाण वाचतो, कोणी त्यातला विषय. ठिकाणाकडून विषयाकडे येण्यास सहा शतके लागली. तोवर किती खरेदीदार रिकाम्या धक्क्यावर उभे राहिले असतील, याची नोंद निकालपत्रांत सापडणार नाही.