अगॅरिकॉन : एका औषधी वनकवकाचा इतिहास आणि संवर्धनाचा प्रश्न

प्रास्ताविक :
वनसंवर्धनाचा इतिहास प्रामुख्याने वृक्ष आणि वन्य पशुपक्षी यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. त्यात कवकांना क्वचितच स्थान मिळाले. 'अगॅरिकॉन' (शास्त्रीय नाव : लॅरिसिफोमेस ऑफिसिनॅलिस) हे वृक्षांच्या खोडावर वाढणारे कवक सुमारे दोन हजार वर्षे मानवाच्या उपयोगी पडले, तरीही ते आज संकटग्रस्त आहे. असे का घडले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

औषधी व सांस्कृतिक परंपरा :
इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने आपल्या औषधिग्रंथात या कवकाची नोंद केली. पुढे 'गारीकून' या अरबी नावाने ते युनानी वैद्यकात रुजले आणि भारतातील हकिमांनाही परिचित झाले. युरोपात ते रेचक म्हणून, तसेच क्षयरुग्णांना रात्री येणारा घाम थांबविण्यासाठी दिले जाई. उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील आदिवासी समाजांत शमनांच्या दफनस्थळी एकोणिसाव्या शतकात ठेवलेल्या काही कोरीव मूर्ती याच कवकाच्या असल्याचे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झाले. त्यापूर्वी त्या लाकडी समजल्या जात.

ऱ्हासाची कारणे :
हे कवक युरोप व सायबेरियात मुख्यतः वृद्ध लार्च वृक्षांवर, तर उत्तर अमेरिकेत डग्लस फरसारख्या सूचिपर्णी वृक्षांवरही आढळते. खोडाच्या गाभ्यावर ते जगते. खोडाबाहेर दिसणारा त्याचा भाग दरवर्षी एकेक थर चढत अनेक दशके वाढतो. त्यामुळे औषधासाठी झालेल्या बेसुमार संकलनाची भरपाई सहजासहजी होऊ शकली नाही. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध १९४३ मध्ये लागला आणि क्षयरोगावरील जुन्या औषधांचे महत्त्व ओसरले. परंतु संकट टळले नाही. व्यापारी वनव्यवस्थापनात वृक्ष वृद्ध होण्यापूर्वीच तोडला जातो आणि गाभा कुजविणारे कवक हे केवळ नुकसान ठरते. म्हणजेच औषधाची गरज घटली, तरी कवकाचा निवारा नाहीसा होतच राहिला.

संरक्षणाचे प्रयत्न :
युरोपातील वन्यजीव व अधिवास यांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये झालेल्या बर्न कराराच्या परिशिष्टांत वनस्पती व प्राणी यांचा समावेश झाला, कवकांचा नाही. कवकांच्या ३३ प्रजाती त्यात समाविष्ट कराव्यात, असा प्रस्ताव २००३ मध्ये सविस्तर मांडण्यात आला. तो स्वीकारला गेला नाही. अखेर २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीसाठी झालेल्या मूल्यांकनात अगॅरिकॉनला 'संकटग्रस्त' ठरविण्यात आले.

समारोप :
उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, उपयुक्तता हे संवर्धनाचे पुरेसे कारण ठरत नाही. उपयोग होता तेव्हा कवक ओरबाडले गेले आणि तो संपल्यावर त्याच्याकडे दुर्लक्ष झाले. अगॅरिकॉनचे कवकजाल प्रयोगशाळेत वाढविता येते. मात्र वृद्ध वृक्ष तेथे निर्माण करता येत नाही. म्हणून या कवकाचे रक्षण म्हणजे वृक्षांना वृद्ध होऊ देणे होय. वनाचे मूल्य केवळ लाकडाच्या घनफुटांत मोजण्याची सवय सुटल्याखेरीज ते साध्य होणार नाही.